पेरूच्या फांदीला पितळी

रविवार, २४ ऑगस्ट

तिसरा प्रयोगही फसला. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापलं, त्यात स्पंज, स्पंजवर साखरपाणी. पेरूच्या फांदीला टांगलं. दुपारच्या सरीत साखर वाहून गेली. उरलीसुरली मुंग्यांनी नेली. फुलपाखरू एकही नाही. झेंडू, सदाफुली, घाणेरी, सगळं लावून झालं. येतात, कुंपणावर क्षणभर टेकतात आणि पलीकडे दिगंबररावांच्या गुलाबांवर जातात. शेजाऱ्याचं बरं आहे.

सुमन पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "पाखरांना साखरपाणी अन् मला कारल्याचा रस. पुढच्या जन्मी पाखरूच व्हावं माणसानं."

हसलो. पण आत जाऊन कपाट बंद आहे ना ते बघून आलो. जुलैतल्या रिपोर्टापासून साखर, गूळ, मध, सगळं कपाटात, किल्ली माझ्या बंडीच्या खिशात. लातूरहून श्रीकांतनं बजावलंय: आईची साखर पुन्हा चढली तर मी तिला इकडं घेऊन येणार, अप्पा, तुमच्यानं होत नाही. ती नातीच्या खोलीत झोपेल. तुमचं मग बघू.

तुमचं मग बघू. चौरेचाळीस वर्षांच्या संसाराचं हे एक वाक्य. फोन ठेवल्यावर सु.नं काही विचारलं नाही. ऐकू गेलं असणार.

गुरुवार, २८ ऑगस्ट

पहाटे किनवट स्वप्नात. शाळेच्या मागचं उंबराचं झाड, खाली पडून फुटलेली उंबरं, त्यांच्यावर फुलपाखरांची गर्दी. पोरं पाय वाजवायची तेव्हा सगळं झाड जमिनीतून वर उडाल्यासारखं वाटायचं. कविता शिकवायची झाली की मी वर्ग त्या झाडाखाली नेत असे. पुस्तकातलं फुलपाखरू अन् समोरचं फुलपाखरू. हेडमास्तर म्हणायचे, हे काय शिकवणं झालं. झालं होतं.

तर फुलं नव्हेच. सडकं फळ हवं. हे इतकी वर्षं डोक्यात कसं आलं नाही!

गाड्यावरून काळी पडलेली केळी आणली, कुस्करली, कपाटातून गूळ काढून घातला, बरणीत भरून उन्हात ठेवलं. सु. बरणीभोवती दोनदा येऊन गेली. "गुऱ्हाळाचा वास येतोय हो," म्हणाली. रेणापूरची, गुऱ्हाळावर वाढलेली पोर ती. काल गणपतीच्या मोदकाला हात लावला नाही तिनं. बरणी उचलून बागेतल्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. घरात नको.

सोमवार, १ सप्टें.

महालक्ष्म्या जेवल्या. वर्षातून एकदा माळ्यावरची पितळ-तांब्याची भांडी उतरतात, मुखवट्यांपुढे मांडतात, पुन्हा वर जातात. पुरणाच्या पोळ्या सु.नंच लाटल्या. स्वतः भाकरी अन् दोडक्याची भाजी. मी समोर बसून तिचं जेवण पाहिलं. पाहिलं म्हणजे पहाराच. ती म्हणाली, "पोलीस बरा तुमच्यापरीस. त्याला एखादा चहा पाजला की तोंड फिरवतो."

भांडी वर ठेवताना आईची पितळी हाताला लागली. उभ्या काठाचं जेवणाचं ताट, काठावर ठोक्याची नक्षी. लहानपणी मी यात दहीभात कालवायचो. तेव्हा आतून चांदीसारखी पांढरी असायची, दर वर्षी कल्हईवाला निंबाखाली भाता लावून बसे, नवसागराचा धूर, कापसाचा बोळा फिरला की चकाकी. आता कल्हईवाले कुठे. आत सगळं पिवळंधम्मक. खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडली. सोन्याची वाटते.

वर ठेवली नाही.

बुधवार, ३ सप्टें.

पितळीच्या काठाला सुतळीचे तीन पदर, पेरूच्या फांदीला टांगली, बरोबर हाताच्या उंचीवर. बरणीतलं ओतलं. आता नुसता गोड नाही, आंबूस, डोक्यात जाणारा वास येतोय.

दिवस कलायला लागला आणि पहिलं आलं! मग दुसरं. पंख मिटले की वाळकं पान, उघडले की त्यावर डोळे. सोंड पितळीत टेकवून बसलीत, हलत नाहीत. मग एक निळंकाळं, मोठं. मी चष्मा पुसत राहिलो.

सु.ला हाक मारली. ती स्टूल घेऊन आली. बराच वेळ दोघं बसून राहिलो. किनवटच्या क्वार्टरच्या ओट्यावर असेच बसायचो. निघताना म्हणाली, "तुम्ही सकाळी वाचनालयात जात जा खुशाल. तुमच्या पाखरांकडं मी बघत जाईन."

किती महिन्यांनी तिनं कशात मन घातलंय.

बुधवार, १० सप्टें.

पितरांचा पंधरवडा सुरू. आभाळ उतरलेलं. रोज सकाळी पितळी भरतो, वाचनालयातून येईपर्यंत अर्धी होते. एवढीएवढीशी सोंड अन् एवढी भूक! खारी येत असतील. दुसरी बरणी लावली.

संध्याकाळी डोळेवाल्यांपैकी एक घरात आलं अन् देवघराच्या चौकटीवर बसून राहिलं. हाकललं तरी जाईना. मी म्हटलं, असं आलं की आपलं गेलेलं माणूस येतं म्हणतात. सु. म्हणाली, "सासूबाई असतील. सून काय खाती ते बघाया आल्या." आणि आपल्याच बोलण्यावर खूप हसली. मग एकदम थांबली, पोट धरलं. गॅस म्हणाली.

ते अजून तिथंच आहे. पंखावरचे डोळे मिटत नाहीत.

शुक्रवार, १२ सप्टें.

पेरूखाली मेलेली पडलीत. निळंकाळं त्यातलंच. उचललं तर बोटावर भुकटी.

सरळ दिगंबररावांकडे गेलो. गुलाबांवर फवारता ते माझ्याकडे येतं, म्हटलं. ते म्हणाले फवारलंच नाही. मी म्हटलं, मग काय आपोआप मेली? आवाज चढला माझा. नको ते बोललो. जन्मभर कीटकनाशकं विकलेला माणूस घरी बसला तरी दुकानातच बसलेला असतो, असंही. ते आत गेले. त्यांच्या सौभाग्यवती दारात उभ्या होत्या, त्यांनी दार लोटून घेतलं.

कुंपणाला सु.ची जुनी नऊवारी आडवी बांधली. जुनं खाद्य फेकून नवं भरलं. आता तिकडचा वारा इकडं येणार नाही.

सु. दुपारी जेवली नाही. तोंडाला चव नाही म्हणे. पित्ताची गोळी दिली.

रविवार, १४ सप्टें.

आईची तिथी. सु.नं खीर केली, चमचासुद्धा चाटला नाही. भिंतीवर पान ठेवलं. कावळा आला, पण पानाकडे न जाता पितळीवर बसला. एक चोच मारली. मान झटकली, चोच भिंतीच्या कडेला इकडून तिकडून घासली आणि खिरीलाही न शिवता गेला. पुन्हा आला नाही. आई कशावर रुसली?

पितळीच्या आत, खाद्याच्या रेषेवर हिरवं वर्तुळ उमटलंय. पावसाचं शेवाळ असेल. पण रंग काय सुंदर, मोरपिसाच्या गाभ्याचा. ओळ सुचली: पितळेच्या तळ्याला मोरपंखी काठ. पुढची जमेना. शाळेत पोरांना सांगायचो, पहिली ओळ देणगी, दुसरी मेहनत.

सु.ला दोन उलट्या. तिथीचं जेवण जड गेलं म्हणाली. जेवली होती कुठे पण?

मंगळवार, १६ सप्टें.

डॉक्टरांकडे नेलं. साखर भलतीच चढलीय. उलट्या होतात, अन्न जात नाही, आणि साखर वर. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली काढून दाखवली. दाखवायची काही गरज नव्हती.

रात्री श्री.चा फोन. "अप्पा, तुम्ही देताय का तिला काही? खरं सांगा." मी म्हटलं, शपथ घेऊ का.  तो म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो, आईची बॅग भरून ठेवा.

सु.ला सांगितलं. ती पांघरूण नीट करत राहिली. "त्याच्या खिडकीतून समोरची पाण्याची टाकीच दिसती," एवढंच म्हणाली.

बुधवार, १७ सप्टें.

मुक्तिसंग्राम दिन. झेंड्याला इथल्या शाळेत गेलो, निवृत्त असलो तरी जातोच. लहान वर्गातल्या मुलींनी फुलपाखराची कविता हातवारे करून म्हटली. चाल आमच्याच वेळची.  पेढा दिला, तो रस्त्यातच खाल्ला. घरी न्यायला नको.

लवकर परतलो. फाटकाशी आलो आणि थांबलो.

सु. पेरूखाली उभी होती. दोन बोटं पितळीत. बोटं तोंडात. डोळे मिटलेले. पुन्हा दोन बोटं.

लग्नानंतर पहिल्यांदा रेणापूरला गेलो तेव्हा ती गुऱ्हाळावर अशीच उभी होती. काकवीच्या भांड्यात दोन बोटं, माझं लक्ष आहे हे माहीत नाही, चेहऱ्यावर हेच. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिलं असं मी मानतो. त्याआधीचं नुसतं लग्न होतं.

हाक मारली नाही. कोपऱ्यापर्यंत मागं गेलो, परत येताना फाटक मुद्दाम वाजवलं. तिनं पदराला हात पुसला. "आज लई आली होती पाखरं," म्हणाली.

म्हणजे घरातला सगळा गूळ मी कुलपात ठेवला आणि तिच्या हाताच्या उंचीवर एक ताट टांगलं.

सांगायला हवं. श्री.ला, डॉक्टरांना. सांगितलं की रविवारी बॅग. उद्या तिच्याशीच बोलेन, नीट, समजुतीनं. चार दिवस तर राहिलेत. दोन बोटांनी काय होतं.

संध्याकाळी पितळी भरताना गूळ थोडा जास्त घातला. का, ते लिहीत नाही.

गुरुवार, १८ सप्टें.

बोललो नाही. सकाळी तिनं केसात सदाफुली खोवली होती, कसं बोलणार. वाचनालयाला गेलो. पेपर वाचला, काय वाचलं आठवत नाही.

परतलो तर अंगणात स्टूल आडवं, सु. मोरीच्या उंबऱ्याशी बसलेली. ओठ पांढरे. पोटात पिळे, उलटी हिरवट. हात गार. नाव घेतलं तर माझ्याकडे पाहिलं, पण माझ्या पलीकडे कुठेतरी.

ऑटो मिळेना. नऊवारीच्या पलीकडून दिगंबररावांनीच विचारलं, सर, काय झालं. गाडी काढली. तिला उचलायला त्यांनी एक हात, मी एक. वाटेत मी म्हणालो, त्या दिवशी मी जास्त बोललो. समोर बघतच ते म्हणाले, "फवारणी पावसात कोन करतंय, सर? पंप पोळ्यापासून खोलीत पडून हाय." मग, "पानी पाजा वहिनींना, थोडं थोडं."

मग फुलपाखरं कशानं मेली?

हा प्रश्न तिथं गाडीत डोक्यात आला आणि जात नाही.

शुक्रवार, १९ सप्टें.

दवाखाना. सलाइन. डॉक्टर म्हणाले साखर आहेच, पण हे नुसतं साखरेचं दिसत नाही. मूत्रपिंडावर ताण आलाय. कुणाचं भस्म, काढा, गावठी औषध काही? बाहेरचं खाणं? मी म्हटलं, नाही. घरचंच.

दुपारी ती जागी झाली. मी जवळ स्टुलावर. आवाज अगदी खोल गेलेला.

"अहो. ती पितळी सासूबाईंची ना?"

हो म्हटलं. म्हणजे मी पाहिलं हे तिला कळलं होतं. फाटक वाजलं तेव्हाच कळलं असणार.

"कल्हई कुठं हाय तिला? त्या तीत ताकसुद्धा ठिवू देत नव्हत्या. आंबट कळकतं म्हनायच्या. विख व्हतं."

 हिरवा काठ डोळ्यांपुढे. मोरपिसाचा गाभा.

"मला पैल्याच दिवशी चव कळली. नाणं चोखल्यावानी."

मग खाल्लंस कशाला, विचारलं.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"गोड होतं," म्हणाली.

मग माझी करंगळी धरून: "श्रीला सांगू नका. डॉक्टरला बी नको, ते त्याला सांगतील. चार दिसांत बरी होते मी. लातूरला न्हेलं तर तुम्ही येनार न्हाई, अन् मी माघारी येनार न्हाई. मला ठाव हाय."

हो म्हटलं. तिनं करंगळी सोडली नाही म्हणून हो म्हटलं.

शनिवार, २० सप्टें.

श्री. सकाळीच लातूरहून पोचला, एक दिवस आधीच. मला म्हणाला, घरी जाऊन आंघोळ करून या, अंगाला वास येतोय तुमच्या. आंबलेल्या केळ्यांचा.

घरी कुणी नाही. पितळी तशीच टांगलेली, दोन दिवसांचं काळं पाणी. त्यावर दोन डोळेवाली, सोंड टेकवून. एक जिवंत होतं. दुसऱ्याला बोट लावलं तर कलंडलं.

सुतळी कापली. ओतून टाकलं, वर माती लोटली. मोरीत बसलो आणि चिंच लावून घासायला लागलो. आई घासायची तसं, गोल गोल. हिरवं निघतं लगेच, खालून सोनं येतं. घासत गेलो. डोकं चालत नव्हतं, हातच चालत होता. एवढी घासली की काहीच झालं नाही असं होतं. कुणी बघेल तर माळ्यावरचं जुनं भांडं. सु.ला दिलेला शब्दही राहतो.

अर्धी झाली तेव्हा चेहरा दिसला माझा तीत. अर्धाच. पलीकडच्या अर्ध्यात हिरवं.

थांबलो.

धुतली नाही पुढे. टॉवेलात गुंडाळली, पिशवीत घातली. रोजनिशीही तीतच टाकली. रविवारची कवितेची ओळ खोडली, दुसरीची गरज नाही.

आता दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. पिशवी मांडीवर. सु.ला आत कुठल्याशा तपासणीला नेलंय. जाताना मान वळवून पिशवीकडे पाहिलं तिनं, मग माझ्याकडे. तिला कळलं की काय. डोळ्यांनी नको नको म्हणाली, की नुसतीच बघत होती, स्ट्रेचर वळलं तोवर समजलं नाही.

श्री. समोर येरझारा घालतोय. मला काही विचारायचं त्यानं सोडून दिलंय. हे जास्त वाईट.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आलेत, मास्क खाली करताहेत. श्री. त्यांच्याकडे गेला. डॉक्टर त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघताहेत, डोळ्यांत कालचाच प्रश्न: बाहेरचं काही खाणं?

पिशवी घेऊन उठतो.